मी लिहिलेला खोटा उपदेश

माझे बाबा नागपूरच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात होते. साचेखातं म्हणजे मागांची शेड. तिथे माग सुरू असताना आडवा धागा नेणारे धोटे असे आदळत की बोलणाऱ्यालाही आपलं बोलणं ऐकू येत नसे. त्यामुळे तिथले कामगार एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकत. बाबाही शिकले. शिकले ते बरं झालं, कारण वीस वर्षांत त्या शेडने त्यांचे कान पुरते नेले. सत्तर सालाच्या आसपास मी शाळेत होते, तेव्हा मागून हाक मारली तर त्यांना कळायचं नाही. समोर उभं राहून आवाज न काढता नुसते ओठ हलवले, तर मात्र सगळं कळायचं. आईला आणि मला त्यांच्याबद्दल काही कुरकुर करायची असली, तर आम्ही भिंतीकडे तोंड करून करायचो.

आम्ही ल्यूथरन पंथाचे ख्रिस्ती. बाबांच्या वडिलांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला होता. आई छिंदवाड्याकडची, मिशनच्या वसतिगृहात वाढलेली. बाबांचे चुलतभाऊ कुहीजवळ धानाची शेती करत. ते हिंदूच राहिले, पण आमचं येणंजाणं कधी तुटलं नाही. नवे तांदूळ निघाले की काका एक पोतं घेऊन यायचे आणि दोन दिवस राहायचे.

एकदा ते रविवारी सकाळीच आले. बाबा धुतलेला सदरा घालून निघायच्या तयारीत होते. काका खाटेवर बसले आणि बाबांच्या समोर तोंड करून म्हणाले, "काहून जातं गा तू तिथं? ऐकू तर काहीच येत नाई तुले."

बाबा बटणं लावता लावता म्हणाले, "पाळक आमच्याकडं पाठ करून वेदीकडं बोलते, तवा आमी देवाशी बोलून राहिलो असतो. ते मले ऐकू नाई आलं तरी चालते. मले काय मांगाचं ते मले माहीत हाय. मंग तो आमच्याकडं वळते. वळला, का देव आमच्याशी बोलून राहिला. तेवढ्यासाठी जातो मी. त्याचं तोंड दिसलं पाहिजे."

"अन् घरी नाई बोलत तुहा देव?"

"घरी मीच बोलतो," बाबा म्हणाले.

काका हसले आणि चहा मागवला. मला त्या बोलण्यात तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

आमचं चर्च कौलारू होतं आणि मंडळी लहान, पंचवीस-तीस घरांची. पंखा एकच, तोही पुढच्या बाकावर. तो बाक सेक्रेटरी साहेबांच्या कुटुंबाचा आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचा, असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. सेक्रेटरी साहेब म्हणजे आमच्या चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, कपड्यांना कडक इस्त्री असे. बाबा त्यांच्या आधी येऊन त्या बाकाच्या टोकाला बसत. तिथून पाळकांचे ओठ स्वच्छ दिसत.

बाक एकवेळ लोकांनी चालवून घेतला असता. पण बाबा गातसुद्धा होते. त्यांना पेटी ऐकू येत नसे, दुसऱ्यांचा सूरही नाही. ते पुस्तकात बघून, पूर्ण आवाजात, स्वतःच्या चालीने गायचे. सगळ्यांचं कडवं संपून शांतता झाली, की बाबांची शेवटची ओळ एकटीच वर कौलांपर्यंत जायची. लहान मुलं खिदळायची. मोठी माणसं खाली बघायची. मी सोळा वर्षांची झाले तेव्हा त्या एका ओळीची लाज मला आठवडाभर पुरायची.

एका रविवारी सेक्रेटरी साहेबांनी मला फाटकाजवळ थांबवलं. "बेटा, बाबांना जरा समजावून सांग. मनातल्या मनात गायलं तरी देवाला पोचतं. आणि मागच्या बाकांवरही जागा असते. बाहेरचे पाहुणे येतात, बरं दिसत नाही."

बोलले ते गोडच. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी बाबांसमोर उभी राहिले आणि शब्द न गाळता सगळं सांगितलं.

बाबांनी ऐकून घेतलं, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "त्यायले सांग, मागं बसलो तर मले पाळकाचे ओठ दिसत नाई."

"आणि गाणं?"

"गाणं देवाले थोडं उशिरा पोचलं तर चालते."

त्यांना हे बोलणं लागलंच नाही, याचाच मला राग आला. पुढच्या रविवारी मी अंथरुणातून उठले नाही. आई उठवायला आली तेव्हा म्हणाले, मी येणार नाही, आज नाही आणि यापुढेही नाही. देव सगळीकडे आहे. मी घरी प्रार्थना करीन. तिथे बसणाऱ्या माणसांचं मन किती मोठं आहे ते मी पाहिलं आहे.

आई बाबांकडे वळून म्हणाली, "जाऊ द्या, जबरदस्ती नका करू. पोरगी जवान झाली."

बाबांनी जबरदस्ती केली नाही. खाटेशी आले, माझं तोंड दिसेल असे वाकून बसले. "घरी तुले पापाची माफी हाय म्हणून कोण सांगते?"

"माझी मी सांगते. मनात."

"सोताच सोताले?" बाबा उठले. "मंग लय सोपं हाय." आणि सायकल काढून गेले.

वर्षभर मी गेले नाही. त्या वर्षात आमचे म्हातारे पाळक निवृत्त झाले आणि नवे आले. तरुण, नुकतेच शिकून आलेले, आवाज खणखणीत. आणि चेहऱ्यावर गळ्यापर्यंत उतरलेली दाट दाढी. मिशा इतक्या की वरचा ओठ दिसतच नसे.

पहिल्या रविवारी बाबा उपासनेहून परतले ते थेट खाटेवर आडवे झाले. जेवले नाहीत. आईला वाटलं, कोणी काही बोललं. दुसऱ्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी दुपारी ते मला म्हणाले, "चाल. पाळकाच्या घरी जाऊ. त्यायचं बोलणं मले दिसत नाई, तू सांगशील."

मला वाटलं, ते काही प्रार्थना वगैरे मागायला चालले असतील. पाळकांच्या ओसरीवर सेक्रेटरी साहेबही बसलेले होते. बाबांनी नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "साहेब, तुमी दाढी काढा."

पाळक थक्क होऊन माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं, बाबांना ऐकू येत नाही, ते ओठ वाचतात, तुमचे ओठ दिसत नाहीत.

सेक्रेटरी साहेब म्हणाले, "हद्द झाली. पाळकांना कोणी असं सांगतं का? मान म्हणून काही असतो."

मी ते ओठांनी बाबांना सांगितलं. बाबा पाळकांकडेच बघत म्हणाले, "दाढी त्यायची हाय, ठेवोत. पण वचन त्यायचं नाई. ते माह्यासाठी पाठवलेलं हाय. अन् ते त्यायच्या केसात अडकून राहिलं."

पाळकांना राग आला नाही, पण हसूही आलं नाही. थोडा विचार करून ते मला म्हणाले, "तू शिकलेली आहेस. शेजारी बसून लिहून देत जा. तेवढं होईल ना?"

मी नाही म्हणणार होते. पण बाबा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांनी माझ्याकडे यापूर्वी कधी काही मागितलेलं नव्हतं. मी अट घातली. मी लिहीन. गाणार नाही, गुडघे टेकणार नाही, प्रभुभोजनाला, म्हणजे पाळकांच्या हातून भाकर घ्यायला, पुढे जाणार नाही. बाबा म्हणाले, "कबूल."

अशी मी पुढच्या बाकावर येऊन बसले. शंभर पानी वही आणि पेन्सिल घेऊन. पाळक बोलतील ते मी भराभर लिहायची, बाबा माझ्या मनगटावरून वाकून वाचायचे. पापांगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून पापांची कबुली देणं, झाला की पाळक वेदीकडून आमच्याकडे वळायचे आणि क्षमेचे शब्द म्हणायचे. ते शब्द दर रविवारी तेच. मी एकदा बाबांना म्हटलं, हे मागच्या पानावर लिहिलेलंच आहे, तेच वाचा. बाबांनी मान हलवली. "मांगच्या हप्त्याचं शिळं झालं. आजचं लिही."

सहा-सात महिने मी प्रामाणिकपणे लिहिलं. मग तो रविवार आला. बाहेरगावचे कोणी मोठे पाहुणे येणार होते. आम्ही पोचलो तेव्हा पुढच्या बाकावर आमच्या जागी एक कागद ठेवला होता. त्यावर सुरेख अक्षरात 'पाहुण्यांसाठी' असं लिहिलेलं. बाबांनी तो वाचला, घडी करून माझ्या वहीत ठेवला, आणि नेहमीच्या जागी बसले. मागून कोणीतरी हसलं. ते बाबांना ऐकू आलं नाही. मला आलं.

पाळक उपदेशाला उभे राहिले. काय बोलत होते ते मी आज सांगू शकत नाही, कारण मी ऐकत नव्हते. माझा हात मात्र लिहीत होता. मी लिहिलं: देव सगळीकडे आहे. ज्यांना चर्चमध्ये येणं अवघड जातं, त्यांनी घरी केलेली प्रार्थना देवाला तेवढीच प्रिय आहे. येण्याचा हट्ट धरणं हाही एक गर्वच आहे. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांनी घरी स्वस्थ राहावं, त्यात कमीपणा नाही.

पाळकांच्या भाषेत, पाळकांच्या वळणाने लिहिलं. मला ते छान साधलं होतं.

बाबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग गाण्यासाठी सगळे उभे राहिले, बाबाही उभे राहिले. पुस्तक हातात उघडं होतं, पण ते गायले नाहीत. कडवं संपलं आणि त्या दिवशी चर्चमध्ये पूर्ण शांतता झाली. मी वर्षानुवर्षं जी शांतता मागत होते ती मला मिळाली, आणि ती मला सोसवेना.

उपासना संपल्यावर पाळक दारात उभे राहून सगळ्यांशी हस्तांदोलन करत. बाबांनी हात पुढे केला नाही. वही पुढे केली. "हे तुमी म्हटलं?"

बहिऱ्या माणसाचा चढा आवाज. सगळी मंडळी थांबली.

पाळकांनी पान वाचलं. मग वर बघितलं ते माझ्याकडे. सेक्रेटरी साहेब मान लांब करून बघत होते. पाळक एक शब्द बोलले असते तर मी त्या दारात सगळ्यांसमोर उघडी पडले असते. त्यांनी माझ्याकडे हात करून पेन्सिल मागितली आणि वही दाराला टेकवून लिहू लागले. लिहून झाल्यावर वही बाबांच्या हातात दिली.

ते पान माझ्याकडे बरीच वर्षं होतं, म्हणून मला जवळजवळ तोंडपाठ आहे. त्यांनी लिहिलं होतं: "हे मी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. देव सगळीकडे आहे हे खरं आहे. झाडात आहे, दगडात आहे, तुमच्या मागांच्या शेडमध्येही आहे. पण तिथे तो तुमच्याबद्दल काय म्हणतो ते आपल्याला कळायला मार्ग नाही. तुमच्यासाठी त्याला जे म्हणायचं आहे ते तो इथे म्हणतो. तुम्ही यायचंच. याच बाकावर बसायचं."

बाबांनी वाचलं, वही बगलेत घातली आणि सायकलकडे गेले. मी कॅरियरवर बसले. घरापर्यंत ते एकदाही मागे वळले नाहीत, त्यामुळे मला काही सांगताही आलं नाही.

घरी त्यांनी मला समोर बसवलं. "काहून वं?"

"ते तुमची टर उडवतात. मला सहन होत नाही."

"मले होते," बाबा म्हणाले. "त्यायच्या हसण्यानं माहं काई गेलं नाई. आज गेलं. तू माह्या तोंडचा घास काढला, पोरी."

मी रडायला लागले. त्यांनी बराच वेळ रडू दिलं. मग म्हणाले, "माह्याकडून माफ हाय. जेव आता."

त्यांनी माफ केलं, म्हणजे केलं. पुन्हा तो विषय काढला नाही. पण मला सुटल्यासारखं वाटेना. आठवडाभर मी मनातल्या मनात माझी बाजू मांडत होते. बाबांच्या भल्यासाठी केलं. त्यांची थट्टा थांबावी म्हणून केलं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला एवढं कळत नाही. दर वेळी मी मला निर्दोष सोडायची, आणि भांडी घासून होईपर्यंत सगळं पुन्हा माझ्यापुढे उभं. मला कळून चुकलं होतं की मी बाबांच्या भल्यासाठी काही केलेलं नाही. मला लाज वाटत होती, एवढंच होतं. आणि माझ्या तोंडून निघालेली माफी मला पटत नव्हती, कारण सांगणारी किती खोटं लिहू शकते ते मला ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी आम्ही बाकावर बसलो. वेदीकडे तोंड करून उभे असलेले पाळक आमच्याकडे वळले आणि मंडळीत कुजबुज झाली. दाढी नव्हती. मिशाही नव्हत्या. कपाळ उन्हाने रापलेलं आणि हनुवटी पांढरीफटक, दुसऱ्या कोणाची आणून बसवल्यासारखी. बाबांनी माझ्या मांडीवरची वही मिटली आणि पेन्सिल खिशात घातली.

माझं काम संपलं होतं. अटीप्रमाणे मी उठून जाऊ शकत होते. मी बसून राहिले. पाळकांनी क्षमेचे शब्द म्हटले. मी ते शब्द कितीतरी वेळा लिहिले होते, दुसऱ्यासाठी. त्या दिवशी हातात पेन्सिल नव्हती, त्यामुळे ते लिहून बाजूला देता आले नाहीत. तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, असं एक माणूस माझ्यासमोर उभा राहून, मोठ्याने, देवाच्या नावाने सांगत होता. तो माझ्या बाजूचा नव्हता. माझा गुन्हा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला होता. म्हणून मला ते खरं वाटलं.

मी प्रभुभोजनाला पुढे गेले. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले, आणि शेजारी बघितलं तर सेक्रेटरी साहेब. एकाच चटईवर त्यांचा गुडघा आणि माझा. मला ते तेव्हाही आवडले नाहीत. पाळकांनी त्यांना भाकर दिली आणि 'तुझ्यासाठी' म्हणाले. मग मला दिली आणि तेच म्हणाले. यांनाही तेच, हे मला खटकलं. क्षणभरच. कारण तसं बघायला गेलं तर त्या रांगेत सर्वांत ताजा गुन्हा माझाच होता.

सेक्रेटरी साहेबांनी बाबांची कधी माफी मागितली नाही. बाबांनी तशी कधी अपेक्षाही धरली नाही. कागद मात्र पुन्हा बाकावर आला नाही. पुढे कित्येक वर्षं दोघे त्या कठड्याशी शेजारी शेजारी गुडघे टेकत राहिले, आणि सेक्रेटरी साहेबांची गुडघेदुखी वाढल्यावर बाबा त्यांना दंडाला धरून उठवायचे. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही.

मला पुढे सरकारी नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही प्रताप नगरला राहायला गेलो. तिथून चर्च शहराच्या दुसऱ्या टोकाला. ल्युना घेऊन मी दर रविवारी जायची. आमच्याच मंडळीतली माणसं मला विचारत, एवढ्या लांबून कशाला, एखादा रविवार राहिला तर काय बिघडलं? माझी एक मावसबहीण म्हणायची, मन प्रसन्न असलं की मी येते. मी तिला म्हणायची, प्रसन्न असलीस तर खुशाल घरी बस. नसशील त्या दिवशी ये. कोणी म्हणे, तिथली माणसं ढोंगी आहेत. मी म्हणे, आहेत. मीही आहे, माझ्याकडे तर लेखी पुरावा आहे. म्हणून काय माझ्या वाटणीचं मी सोडून द्यायचं? आपण चर्चला जातो म्हणजे देवावर काही उपकार करतो, असं ज्यांना वाटतं त्यांनाच कंटाळा येतो. आम्ही तिथे द्यायला जात नाही. घ्यायला जातो. देव आपल्याला ताट वाढतो आहे, आणि आपण घरी बसून सांगतो की मी मनातल्या मनात जेवलो. या बोलण्यावरून लोक मला भांडखोर म्हणत. मी कधी नाही म्हटलं नाही.

ऐंशीनंतर काही वर्षांनी बाबा गेले. गुरुवारी गेले, शुक्रवारी माती दिली. कुहीचे काका आले होते, खांदा द्यायला पुढे झाले. शनिवारी माहेरचं घर माणसांनी भरलेलं होतं, आणि रविवारी सकाळी मी साडी बदलून निघाले. आई म्हणाली, मीही येते. दाराला कुलूप लावून दोघी गेलो.

शेजारच्या काकू त्या दिवशी आमच्यासाठी डबा घेऊन आल्या, तर दाराला कुलूप. सोमवारी त्या पुन्हा आल्या. प्रेमळ बाई, पण मनात होतं ते बोलल्याच. "बाप जाऊन चार दिवस नाही झाले वं, अन् तू बाहेर पडली? लोक भेटाले येऊन राहिले. घरी बसून नसती का केली तू प्रार्थना?"

मी म्हटलं, "काकू, शनिवारी दिवसभर सगळे मला सांगत होते की बाबा चांगला माणूस होता. ते मला ठाऊक होतं. देव त्यांना पुन्हा उठवणार आहे, हे मात्र मला ठाऊक असूनही मला पटत नव्हतं. मी रात्रंदिवस स्वतःला सांगून बघितलं. माझ्या तोंडून ते खोटं वाटायचं. कोणीतरी समोर उभं राहून, देवाच्या वतीने सांगायला हवं होतं."

काकूंनी डबा ओट्यावर ठेवला. "मंग सांगतलं का?"

"सांगितलं."

त्यांनी मान हलवली, आईजवळ जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. पुढच्या रविवारीही मी गेले.